रत्नागिरीच्या सरळ दक्षिणेला

रत्नागिरीहून नाक दक्षिणेकडे ठेवून समुद्रात निघालात, तर आधी मालदीव लागेल, मग विषुववृत्त, आणि त्यापुढे हजारो किलोमीटर नुसतं पाणी. सुमारे 7,800 किलोमीटरवर ढगात डोकं खुपसलेला एक पांढरा डोंगर समोर येईल. ते हर्ड बेट. रेखांश जवळजवळ तोच, त्यामुळे दोन्हीकडे सूर्य आकाशात सर्वांत वर येण्याची वेळही जवळपास तीच. बाकी सारं वेगळं.

हर्ड 53 अंश दक्षिणेला आहे. उत्तरेत याच अक्षांशाच्या आसपास बर्लिन शहर आहे. इथे मात्र हिमनद्या थेट समुद्राला भिडतात. अंटार्क्टिकाभोवती फिरणाऱ्या थंड पाण्याच्या वेढ्यात हे बेट सापडलं आहे आणि पश्चिमेच्या वाऱ्याला अडवायला वाटेत जमीनच नाही. त्या बर्फाखाली जिवंत ज्वालामुखी आहे! बिग बेन हे त्याचं नाव. त्याचं शिखर, मॉसन पीक, 2,745 मीटर उंच, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या कुठल्याही शिखराहून उंच. पश्चिमेला 44 किलोमीटरवरच्या मॅक्डोनल्ड बेटांपैकी मुख्य बेट तर 1990च्या दशकातल्या उद्रेकांनी दुपटीने वाढलं.

ही बेटं 1947 साली ब्रिटनकडून ऑस्ट्रेलियाकडे आली. ती ऑस्ट्रेलियाचा बाह्य प्रदेश मानली जातात. कायमची वस्ती नाही, बंदर नाही, धावपट्टी नाही. 1997 साली त्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे इथे काय नाही. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी इथल्या हत्ती सीलची अमानुष कत्तल झाली, तरी शिकाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर-मांजरं येऊन इथे वसली नाहीत. शेजारच्या केर्गेलेन बेटांवर सशांनी वनस्पतींचा फडशा पाडला. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर घरातल्यासारखे साधे उंदीर अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंत कुरतडतात. हर्डवर पेंग्विन जमिनीवर निर्धास्त अंडी घालतात.

धोका आता तापत्या हवामानातून येतो आहे. 1947पासून इथल्या हिमनद्यांचं क्षेत्र जवळपास पाव हिश्श्याने घटलं. बर्फ हटला की उघडी जमीन मिळते, आणि परक्या बियांना तीच हवी असते. म्हणून परवाना घेऊन उतरणाऱ्या शास्त्रज्ञांना आधी बुटांचे तळवे घासावे लागतात, खिसे उलटे करून झटकावे लागतात, एखादं गवताचं बी शिवणीत अडकलेलं नाही ना ते बघावं लागतं.