देवराई हेही बेटच, पण हिशोब वेगळा

मुळशी, मावळ, आंबेगावकडं ट्रेकला जाणाऱ्यांनी हे बघितलेलं असतं. चारी बाजूंनी भातखाचरं नाहीतर उघडा माळ आणि मधेच गच्च झाडीचा एक तुकडा, आत शेंदूर फासलेला तांदळा (देव म्हणून पुजलेला अनघड दगड) आणि गारंबीचे मांडीएवढे जाड वेल. ही देवराई, देवाच्या नावानं राखलेलं रान, जीवशास्त्राच्या हिशोबात एक बेट.

बेटांचा अभ्यास जुना, निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस १८५४ ते १८६२ मलाय द्वीपसमूहात फिरला तेव्हापासून धरा हवं तर. पण त्याला गणित दिलं मॅकआर्थर आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी, आधी १९६३ चा पेपर, मग १९६७ चं पुस्तक. म्हणणं असं की बेटावर सजीवांच्या नव्या जाती येत राहतात, जुन्या संपत राहतात आणि या दोन्हींचा जिथं मेळ बसतो तेवढ्याच टिकतात. बेट लहान तर संपणं जास्त, मुख्य भूमीपासून लांब तर येणं कमी. विल्सन आणि त्यांचे विद्यार्थी सिम्बरलॉफ यांनी फ्लोरिडातल्या खारफुटीच्या छोट्या बेटांवर तंबू घालून, विषारी धुरी देऊन सगळे किडे मारले, तरी वर्षभरात बहुतेक बेटांवर जातींचा आकडा जवळपास पहिल्याइतका झाला, जाती मात्र बऱ्याच वेगळ्या होत्या. मला हा प्रयोग अजून थक्क करतो.

आता पुणं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हार्वर्डला शिकले, विल्सन तिथलेच. १९७१ ला ते परत आले, आगरकर रोडवरच्या विज्ञान वर्धिनीत (आताची आघारकर संस्था) वनस्पतीतज्ज्ञ वर्तकांबरोबर देवराया पालथ्या घातल्या आणि १९७५-७६ ला त्यावर लिहिलं. त्यातून जे पुढं आलं ते मला त्या गणितापेक्षा मोठं वाटतं. बेटाच्या सूत्रात क्षेत्रफळ आणि अंतर, पण देवराईत तिसरी गोष्ट असते, देवाचा धाक. कोयता चालवायचा नाही, कित्येक ठिकाणी तर पडलेलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही. मावळातल्या अजिवलीच्या देवराईत भेरली माड (ताडाच्या कुळातली झाडं) उभे आहेत ते याच्याच जोरावर.

जैविक आणि सांस्कृतिक वैविध्याची नाळ एकच, हे जगभरच्या अभ्यासकांनी १९८८ च्या ब्राझीलमधल्या बेलेमच्या जाहीरनाम्यात लिहून काढलं. आपल्याकडं ते आधीपासून दिसत होतं, आणि उलट बाजूनंही दिसतं, कारण श्रद्धा असते तीच पण रूप बदलतं, तांदळ्याच्या जागी जीर्णोद्धार करून स्लॅबचं देऊळ येतं, मग सभामंडप, मग गाड्या लावायला जागा, आणि त्यासाठी सगळ्यात आधी जातात ती देवळाला खेटून असलेली जुनी झाडं.