घरगुती डागडुजी

घरातली वस्तू फुटली, सैल झाली किंवा गळू लागली, की कारागिराची वाट न पाहता हाताशी असेल त्या सामानाने तिला पुन्हा चालती करणे म्हणजे डागडुजी. भांड्याला कथलाने जोड बसवण्याला ‘डाग देणे’ म्हणतात. घरगुती डागडुजीचा व्याप मात्र नळापासून बिजागरीपर्यंत पसरलेला आहे.

तिचे सामान बहुधा एखाद्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असते: पक्कड, हातोडी, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, पाना, खिळे, चुका, सुतळी, दाभण आणि सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे. यांतले एकच हत्यार घ्यायचे असेल तर पक्कड घ्यावी. ती धरते, पिळते, वाकवते, तार कापते आणि खिळाही उपटते. पुण्यात असे सामान रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळते; बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेली हत्यारेही मिळतात. मुंबईत हत्यारांसाठी नागदेवी आणि विजेच्या सामानासाठी लोहार चाळ ही ठरलेली ठिकाणे आहेत.

सगळ्यांत नेहमीचा बिघाड गळक्या नळाचा. फिरवून बंद करायच्या पितळी नळात पाणी अडवते ती आतली लहानशी रबरी चकती, म्हणजे वायसर. तो झिजला की थेंब सुरू होतात. अशा वेळी नळ आणखी जोराने आवळणे ही घरोघरची चूक आहे. त्याने वायसर चिरडतो, पितळी बैठक खराब होते आणि मग नवा वायसर घालूनही गळती थांबत नाही. मुख्य कॉक बंद करावा, नळाचे डोके पान्याने सोडवावे आणि जुना वायसर नमुना म्हणून दुकानात न्यावा. दुकान बंद असेल तर तोच वायसर जुन्या रबरी चपलेवर ठेवून पेनाने आखतात आणि ब्लेडने तेवढी चकती कापून घेतात. चपलेचे रबर मऊ असल्याने ते लवकर दबते, पण तेवढ्यात चार दिवस निघतात. नळ भिंतीतूनच काढावा लागला तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. ती नळ आवळण्याच्याच दिशेने गुंडाळावी लागते; उलटी गुंडाळली तर नळ बसवताना सुटून गोळा होते. जुने प्लंबर याच कामाला धागा आणि सफेदा वापरत.

पाइपाला चीर गेली तर एमसीलसारखी लुगदी उपयोगी पडते. तिचे दोन गोळे रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे असतात, कारण दोन्ही भाग एकमेकांत नीट मिसळल्याशिवाय ती पुरती घट्ट होत नाही. जागा कोरडी आणि कानशीने खरवडलेली हवी. पाणी वाहत असताना लावलेली लुगदी धरत नाही. पाणी बंदच करता येत नसेल तर ट्यूबची लांब पट्टी ताणून, एका वेढ्यावर दुसरा चढवत घट्ट गुंडाळावी. ताणलेले रबर आक्रसू पाहते आणि चीर दाबून धरते.

दाराची बिजागरी सैल झाली की लोक जास्त लांब स्क्रू आणतात. त्यापेक्षा साधा उपाय काडेपेटीत असतो. भोकातले लाकूड झिजल्याने स्क्रूच्या आट्यांना पकड उरलेली नसते. गूल काढलेल्या दोन-तीन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकाव्यात, वर आलेली टोके मोडावीत आणि रात्रभर वाळू द्यावे. सकाळी तोच स्क्रू घट्ट बसतो. पावसाळ्यात फुगलेल्या दाराला मात्र लगेच रंधा मारू नये. हिवाळ्यात लाकूड आटले की तिथे फट पडते. कडेला मेणबत्ती घासून काही आठवडे काढता येतात. कोकणात कौले पावसाआधीच परतून घेतात, कारण भर पावसात ओल्या कौलांवर चढणे धोक्याचे असते.

अलीकडच्या अनेक वस्तू स्क्रूऐवजी डिंकाने चिकटवून बंद केलेल्या असतात, त्यामुळे त्या उघडणेच अवघड झाले आहे. ग्राहकांना दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले.

वीज आणि गॅस यांच्या बाबतीत जुगाड चालत नाही. वितळलेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे फार घातक आहे. जास्त प्रवाह आला की वितळून तो तोडणे हेच फ्यूजच्या तारेचे काम. जाड तार वितळत नाही आणि भिंतीतली वायर तापून पेट घेऊ शकते. टेस्टर पेटला नाही म्हणून तार बंद आहे असेही धरू नये. तो आधी चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो ना ते पाहावे. गॅसच्या नळीवर साबणाचा फेस लावला की बुडबुड्यांवरून गळती कळते. मात्र गळकी नळी टेपने गुंडाळून वापरायची नसते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून ती बदलायचीच असते.