झेब्र्यांच्या मुलखात घोड्यांचे डॉक्टर

दक्षिण आफ्रिकेत घोड्यांच्या डॉक्टरांनी आपली कॉन्फरन्स एखाद्या अभयारण्यात भरवली तर बाहेरच्याला ते सहलीचं निमित्त वाटेल, पण घोड्यांच्या आजारांवर बोलायला याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही. सकाळी हॉलमध्ये स्क्रीनवर मेलेल्या घोड्याच्या फुप्फुसांचे फोटो बघायचे, दुपारी गाडीतून बाहेर बघितलं की समोर झेब्र्यांचा कळप चरतोय, आणि त्या कळपातल्या एखाद्या ठणठणीत झेब्र्याच्या रक्तात नेमका तोच व्हायरस असू शकतो ज्याने फोटोतला घोडा गेला.

त्या आजाराचं नाव आफ्रिकन हॉर्स सिकनेस. घोड्याला होणाऱ्या सगळ्यात भयंकर आजारांपैकी एक. याचा फुप्फुसांचा जो प्रकार आहे त्यात घोड्याला ताप येतो, श्वास लागतो, फुप्फुसांत पाणी भरत जातं आणि शेवटी नाकपुड्यांतून पांढरा फेस वाहायला लागतो, बऱ्याचदा सकाळी नीट चंदी खाल्लेला घोडा संध्याकाळी आडवा झालेला असतो. या प्रकारात शंभरातले ९५ पर्यंत घोडे मरतात. दुसरा प्रकार हृदयावर जातो, तो जरा सावकाश चालतो, त्यात डोक्याला आणि मानेला सूज येते आणि डोळ्यांच्या वर जो खळगा असतो तो भरून फुगतो, त्यातले साधारण निम्मे मरतात. एकदा आजार झाला की व्हायरसवर थेट औषध नाही, सांभाळायचं, विश्रांती द्यायची आणि वाट बघायची.

एका घोड्यापासून दुसऱ्याला हा आजार थेट लागत नाही. शेजारी बांधा, एका बादलीत पाणी पाजा, काही होत नाही. व्हायरस पसरवतात ती क्युलिकॉइड्स जातीची चिलटं, एक ते तीन मिलिमीटरची, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येतील इतकी बारीक. १९४४ साली दक्षिण आफ्रिकेतच हे सिद्ध झालं. ही चिलटं ओल्या, शेणामुताच्या मातीत वाढतात आणि अंधार पडायच्या सुमारापासून उजाडेपर्यंत चावतात, म्हणून तिथले घोडेवाले सूर्य मावळायच्या आत घोडे तबेल्यात घेतात आणि खिडक्यांना अगदी बारीक जाळी लावतात. थंडीत दव गोठायला लागलं की चिलटं संपतात, साथ थांबते.

मग पुढच्या वर्षी व्हायरस परत येतो कुठून? इथे झेब्रा येतो. झेब्र्याला हा व्हायरस होतो पण तो आजारी पडत नाही, लक्षणं जवळजवळ शून्य. घोड्याच्या रक्तात व्हायरस साधारण दोन-अडीच आठवडे सापडतो, झेब्र्याच्या रक्तात तो ४० दिवसांपर्यंत टिकू शकतो, आणि तेवढ्या दिवसांत शेकडो चिलटं त्याला चावून जातात. क्रुगर नॅशनल पार्कमधल्या झेब्र्यांचं रक्त तपासून जो अभ्यास झाला त्यात दिसलं की तिथे वर्षाच्या सगळ्याच महिन्यांत हा व्हायरस फिरत असतो. कारण तिथला हिवाळा इतका कडक नाही की चिलटं पूर्ण संपतील, आणि झेब्र्यांची पिल्लं वर्षभर थोडी थोडी जन्मत राहतात. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी पाच-सहा महिन्यांत संपल्या की ते पिल्लू व्हायरससाठी नवं घर, त्याचं होईपर्यंत दुसरं पिल्लू तयार. साखळी तुटतच नाही.

झेब्र्याचा यात काही दोष नाही हे मला आवर्जून सांगायचंय. आफ्रिकेत हा व्हायरस, ही चिलटं आणि झेब्रे कितीतरी काळ एकमेकांसोबत राहत आलेत. घोडा तिथला नव्हता, त्याला माणसाने जहाजात घालून तिथे नेलं.

आणि त्यातले अगदी सुरुवातीचे काही घोडे भारतातून गेले होते. फ्रान्सिस्को बारेटो हा पोर्तुगीज सरदार आधी गोव्यात गव्हर्नर होता, १५६९ मध्ये तो आफ्रिकेतल्या मोनोमोटापा राज्याच्या सोन्याच्या खाणी जिंकायच्या मोहिमेवर निघाला. आजच्या मोझांबिकमध्ये, झांबेझी नदीकाठी त्याचे घोडे पटापट मरायला लागले. मोहिमेसोबत असलेल्या एका पाद्र्याने हे लिहून ठेवलंय, आणि आफ्रिकेतल्या या आजाराची पहिली नोंद म्हणून त्याच लिखाणाकडे बोट दाखवतात, जरी त्से त्से माशीमुळे होणारा दुसरा आजारही त्यात असणं शक्य आहे. पोर्तुगीजांची खात्री पटली की तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी घोड्यांना विष घातलं, आणि त्यांनी त्या लोकांची अत्यंत क्रूरपणे कत्तल केली. एका न दिसणाऱ्या कारणापायी निरपराध माणसं मारली गेली, हे वाचून आजही अंगावर काटा येतो.

पुढे दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात १८५४-५५ च्या साथीत सुमारे ७०,००० घोडे मेले, म्हणजे तिथल्या एकूण घोड्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त. त्या काळात घोडा म्हणजे वाहतूक, शेती, टपाल, लष्कर सगळंच. गेल्या २०० वर्षांतल्या तिथल्या १४ मोठ्या साथींचा हिशोब मांडून संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की त्यातल्या १३ साथी एल निनोच्या वर्षांशी जुळतात. आधी दुष्काळ, मग एकदम जोरदार पाऊस, असं झालं की चिलटांचं फावतं.

या आजाराच्या अभ्यासात एक नाव टाळताच येत नाही, आर्नल्ड थायलर. स्वित्झर्लंडचा हा तरुण पशुवैद्य १८९१ मध्ये आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालला आला, आल्यावर थोड्याच काळात शेतीच्या यंत्रात सापडून त्याचा एक हात गेला, तरी हा माणूस काम करत राहिला आणि १९०८ मध्ये प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टपूर्टची संशोधन संस्था त्याने उभी केली. तिकडे लंडनमध्ये १९०० साली मॅकफॅडियन या पशुवैद्याने दाखवलं होतं की आजारी घोड्याचं रक्त बॅक्टेरिया अडतील अशा बारीक फिल्टरमधून गाळलं तरी त्यातून आजार होतो, म्हणजे कारण बॅक्टेरियाहून लहान आहे. थायलरचा मुलगा मॅक्स, त्याने पिवळ्या तापाचा व्हायरस उंदराच्या मेंदूत वाढवून सौम्य करायचा मार्ग शोधला आणि त्याला १९५१ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की मुलाची तीच युक्ती १९३० च्या दशकात बापाच्या संस्थेत घोड्यांच्या लशीसाठी वापरली गेली.

लशीची गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. या व्हायरसचे नऊ प्रकार आहेत, एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पूर्ण चालेल याची खात्री नाही. दक्षिण आफ्रिकेत वापरली जाणारी लस दोन बाटल्यांत येते, एकीत तीन प्रकार, दुसरीत चार, दोन्हींमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवायचं, राहिलेले दोन प्रकार यातल्याच जवळच्या प्रकारांवर भागवायचे. आणि ही लस जिवंत पण सौम्य केलेल्या व्हायरसची आहे. व्हायरसचा जीनोम, म्हणजे त्याचा जनुकांचा संच, दहा तुकड्यांत असतो, त्यामुळे एकाच घोड्यात दोन प्रकार एकत्र आले की पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसल्यासारखं होतं, एखादा नवाच डाव हातात येतो. २००४ ते २०१४ या काळात वेस्टर्न केपमध्ये ज्या साथी आल्या त्यातल्या काही साथींमधल्या व्हायरसचा जीनोम वाचल्यावर कळलं की लशीतलेच व्हायरस परत तिखट झाले होते किंवा एकमेकांत मिसळले होते. घोड्यांच्या डॉक्टरांसाठी हे पचवायला फार अवघड आहे, कारण लस न देता तर राहता येत नाही. केप टाउनभोवती आजारमुक्त पट्टा, त्याच्याबाहेर नजर ठेवायचा पट्टा, त्याबाहेर संरक्षणाचा पट्टा अशी रचना केलेली आहे, त्या भागात घोडा काय आणि झेब्रा काय, परवानगीशिवाय आत आणता येत नाही.

आफ्रिकेचा आजार आफ्रिकेतच राहील असं कुणी समजू नये. १९८७ मध्ये माद्रिदजवळच्या एका सफारी पार्कसाठी नामिबियातून झेब्रे आणले, सोबत व्हायरस आला, आणि स्पेनमध्ये १९९० पर्यंत तो धुमसत राहिला, मध्येच पोर्तुगाल आणि मोरोक्कोलाही गेला. स्पेनची चिलटं त्याला आयती मिळाली. २०२० मध्ये थायलंडमध्ये, सगळं जग कोविडमध्ये अडकलेलं असताना, अचानक घोडे मरायला लागले आणि ५०० हून जास्त गेले. तिथेही संशय आयात केलेल्या झेब्र्यांवरच आला. लोकांनी दिवसरात्र बसून तबेल्यांना जाळ्या शिवल्या.

आपल्याकडे सुद्धा हा पाहुणा येऊन गेलाय. १९५९ ते ६१ च्या साथीत तो इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत १९६० मध्ये भारतात शिरला, आणि मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत मिळून ३ लाखांहून जास्त घोडे, गाढवं, खेचरं मेली. नंतर तो भारतातून गेला आणि २०१४ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला या आजारापासून मुक्त म्हणून मान्यता दिली. पण चिलटं गेलेली नाहीत. मेंढ्यांना होणारा ब्लूटंग हा आजार याच व्हायरसच्या भावकीतला, याच चिलटांतून पसरणारा, आणि भारतातली त्याची पहिली नोंद १९६४ ची, तीही महाराष्ट्रातली. म्हणजे सारंगखेड्याचा घोडेबाजार असो, माथेरानचे घोडे असोत की पुण्या-मुंबईचे रेसचे घोडे, व्हायरस आत आला तर त्याला पसरवणारी चिलटं इथे आधीपासून हजर आहेत. बाहेरून झेब्रा किंवा घोडा आणताना जे क्वारंटाइन आणि रक्ततपासणी असते ती कुणाला कटकट वाटत असेल तर त्याने माद्रिदची गोष्ट एकदा नीट वाचावी. आणि ज्याच्याकडे घोडा आहे त्याने डोळ्यावरचा तो खळगा रोज बघायची सवय लावावी, तो भरलेला आणि सोबत ताप असेल तर तासाभराचाही उशीर न करता डॉक्टरांना कळवावं.

अभयारण्यात जमायचं दुसरं कारण गेंडा. गेंडा दिसतो हत्तीच्या जवळचा, पण आहे घोड्याच्या घराण्यातला. दोघांच्या पायांना विषम संख्येने बोटं, दोघांचं गवत पचतं ते पोटात नाही तर पुढे मोठ्या आतड्यात, त्यामुळे पोटाची दुखणीही सारखी. गेंड्यावर औषधांचे प्रयोग फार कमी झालेत, तेव्हा प्रतिजैविक असो की वेदनाशामक, डोस ठरवताना डॉक्टर घोड्याचं पुस्तक उघडतात. शिकाऱ्यांनी शिंगासाठी चेहरा कापून अर्धमेला टाकलेल्या गेंड्यांवर शस्त्रक्रिया करायचं काम ज्यांनी २०१२ पासून उभं केलं ते योहान माराइस प्रिटोरिया विद्यापीठाच्या ऑन्डरस्टपूर्टमधल्या पशुवैद्यक विभागातले घोड्यांचेच सर्जन. जखमी घोड्याची हाडं आणि सायनस वर्षानुवर्षं हाताळलेला हातच तिथे कामाला आला.

भूल देणं हा मोठा विषय. गेंड्याला एटॉर्फिन नावाचं औषध देतात, मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट जोरदार, माणसाच्या अंगात चुकून थेंबभर गेलं तरी जीव जाऊ शकतो, म्हणून उतारा हाताशी असल्याशिवाय आणि एकट्याने ते कधीच हाताळत नाहीत. गेंडा पडला की त्याच्या रक्तातला ऑक्सिजन घसरतो. मग हेलिकॉप्टरला पायांनी उलटा टांगून डोंगराळ भागातून नेताना काय होत असेल? नामिबियात कॉर्नेल विद्यापीठाच्या टीमने १२ काळ्या गेंड्यांवर हे मोजलं, आणि उलटं टांगणं कुशीवर झोपवण्यापेक्षा वाईट नाही, उलट ऑक्सिजन किंचित बराच राहतो असं निघालं. २०२१ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, लोक हसले, पण दुर्गम भागातून गेंडे हलवणाऱ्यांना पहिल्यांदा खरे आकडे मिळाले.

आणि मला सगळ्यात भारी वाटते ती केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यातली गोष्ट. नॉर्दर्न व्हाइट गेंड्याच्या जगात दोनच माद्या उरल्यात, नाजिन आणि तिची मुलगी फातू, नर एकही नाही. फातूची बीजांडं काढून ती इटलीत क्रेमोनाच्या लॅबमध्ये पाठवतात, तिथे साठवून ठेवलेला शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडून भ्रूण तयार करतात. ही सुईची पद्धत घोड्यांमध्ये घासूनपुसून पक्की झालेली, कारण घोड्यात साधी टेस्ट ट्यूब पद्धत नीट चालतच नव्हती. लॅब चेझारे गाल्लींची, ज्यांनी २००३ मध्ये जगातला पहिला क्लोन घोडा, प्रोमेतेया नावाची शिंगरी, जन्माला घातली. २०२४ च्या जानेवारीत बातमी आली की नॉर्दर्नचा जवळचा नातेवाईक असलेल्या साउदर्न व्हाइट गेंड्याचा भ्रूण साउदर्न मादीत रुजला होता, ७० दिवसांचा, साडेसहा सेंटिमीटरच्या आसपासचा नर गर्भ, पण अतिवृष्टीनंतर मातीतून आलेल्या बॅक्टेरियाने ती मादी आधीच मेली होती, गर्भ सापडला तो तिच्या शवविच्छेदनात. पद्धत चालते हे मात्र त्यातून कळलं. नॉर्दर्नचे ३० हून जास्त भ्रूण गोठवून ठेवलेत, आणि ते साउदर्न माद्यांच्या पोटात रुजवायचं काम आता चालू आहे.