जुन्या वहीचं नाटक आणि नव्या वहीचं नाटक

यंदाच्या मंडईत, म्हणजे आमच्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, ‘कट्यार काळजात घुसली’ करायचं असं पानठेल्यावर ठरलं आणि तिथंच भांडण लागलं. बारावीतला एक पोरगा म्हणाला, सुरुवात ‘सूर निरागस हो’नं करू. मामाजींनी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता हात थांबवला. “ते गाणं नाटकात नाई गा.” पोरानं लगेच मोबाइल पुढं धरला. “पाहा ना मामाजी, कट्यारच लिवलं हाये इथं.”

दोघंही खरंच बोलत होते. पोराची कट्यार २०१५ची, पडद्यावरची. मामाजींची १९६७ची, रंगमंचावरची. नाव एक, कथेचा गाभा एक, काही गाणीही तीच. म्हणूनच घोळ होतो. त्यात आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, सगळ्यालाच ‘नाटक बसवलं’ म्हणतात. जुनं आहे तसं उभं केलं तरी बसवलं, आणि त्याचं हाड न् हाड बदललं तरी बसवलंच. शहरातले जाणकार पहिल्याला पुनरुज्जीवन म्हणतात आणि दुसऱ्याला रूपांतर, पण त्यांच्या जाहिरातींतही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसलेले मी पाहिले आहेत.

मी काही वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणजे वही धरून नटांना विसरलेले शब्द सांगितलेत, त्यामुळं माझी कसोटी तिथलीच. प्रॉम्प्टरच्या हातात जुनी वही चालत असेल तर ते पुनरुज्जीवन. वहीवर लाल पेन्सिलीच्या रेघा असतील, दोन पदं उडवली असतील, एखादा प्रवेश आखूड केला असेल, तरी वही तीच. पण जुनी वही उघडून प्रॉम्प्टरच गोंधळला, नवी लिहून घ्यावी लागली, तर ते रूपांतर. खोडण्यापर्यंत नाटक जुन्या लेखकाचं असतं, लिहायला लागलात की तुमचं होऊ लागतं.

आता कट्यारच घ्या. २४ डिसेंबर १९६७ला हे नाटक रंगमंचावर आलं. लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, म्हणजे नागपूरच्या माणसानं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. गोष्ट पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या चढाओढीची. त्यातला खाँसाहेब उभा केला वसंतराव देशपांड्यांनी, आणि त्यांचा जन्म मुर्तिजापूरचा. लिहिणारा नागपूरचा, गाणारा अकोल्याकडचा, तरी आपल्याकडं कट्यार म्हणजे पुण्या-मुंबईची वस्तू असं लोक समजतात. मला याचा राग येतो, पण ते असो.

२०१०मध्ये सुबोध भावेंनी तेच नाटक पुन्हा उभं केलं. खाँसाहेबांच्या भूमिकेत राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू. पंडितजींचा शिष्य सदाशिव झाले महेश काळे. शब्द दारव्हेकरांचे, चाली अभिषेकींच्या. हे चोख पुनरुज्जीवन. अशा नाटकाला मोठं ओझं असतं. प्रेक्षक समोरचं गाणं ऐकतो आणि मनात जुनी रेकॉर्ड लावून ठेवतो. ‘घेई छंद मकरंद’ सुरू झालं की मामाजींसारखा माणूस डोळे मिटतो, आणि त्यानं ते सुखानं मिटले की ताळा करायला, हे शेवटपर्यंत कळत नाही.

पाच वर्षांनी त्याच भाव्यांनी सिनेमा काढला. दिग्दर्शक तोच, तरी काम दुसरं. शंकर-एहसान-लॉय यांनी ‘सूर निरागस हो’, ‘मनमंदिरा’, ‘अरुणी किरणी’ अशी नवी गाणी केली आणि ‘सुरत पिया की’सारखी जुनी सोबत ठेवली. पंडितजी आणि खाँसाहेब यांची आधीची वर्षं पडद्यावर ऐसपैस आली. पंडितजींच्या भूमिकेला शंकर महादेवन यांच्यासारखा गायक मिळाला, त्यामुळं त्यांचं पारडंही जड झालं. गोष्ट सांगते खुद्द कट्यार. रंगमंचावर जी वस्तू भिंतीवर टांगलेली असते, तिला सिनेमानं तोंड दिलं. जुन्या वहीत हे कुठं शोधाल?

त्याहून मोठा फरक मला वाटतो तो गळ्याचा. पडद्यावर खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गाणं राहुल देशपांड्यांचं. दोन माणसं मिळून एक खाँसाहेब झाला, आणि झालाही झकास. नाटकात ही सोय नाही. तिथं ज्याचा चेहरा त्याचाच गळा, तोही दोन-अडीच तास, सर्दी झाली असली तरी. संगीत नाटक पुन्हा उभं करणं अवघड जातं ते यामुळं. पैसे जमवता येतात, पडदे रंगवता येतात, पण तसा गळा मागवता येत नाही.

मामाजींना एवढं सांगितल्यावर ते खूश झाले, पण पोरानं प्रश्न सोडला नाही. “मंग सिनेमातलं गाणं नाटकात घ्यालेच नाई पाहिजे का?”

याचं उत्तर पार अमेरिकेत आहे. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हे घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून पाहावं असं गाण्यांचं नाटक. आईविना वाढणारी सात पोरं, कडक शिस्तीचा बाप आणि पोरांना गाणं शिकवणारी मारिया. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीचं हे नाटक १९५९मध्ये न्यूयॉर्कला आलं. पुढच्याच वर्षी गीतकार हॅमरस्टाइन वारले. १९६५च्या सिनेमासाठी दोन नवी गाणी हवी होती, ती रॉजर्सनी एकट्यानं केली, चालही त्यांची आणि शब्दही. ‘आय हॅव कॉन्फिडन्स’ आणि ‘समथिंग गुड’. सिनेमानं नाटकातली काही गाणी गाळली, काहींची जागा हलवली. ढगांच्या गडगडाटाला पोरं घाबरतात तेव्हा नाटकात मारिया शेळ्या राखणाऱ्याचं गाणं म्हणते, सिनेमात त्या जागी आवडत्या गोष्टींचं गाणं येतं.

सिनेमा एवढा गाजला की लोक नाटकाला आले तरी सिनेमातलीच गाणी शोधू लागले. १९९८मध्ये ब्रॉडवेवर नाटकाचं पुनरुज्जीवन झालं तेव्हा ती दोन्ही सिनेमाची गाणी नाटकात घेतली. म्हणजे रूपांतरानं कमावलेलं मुळाच्या घरात आलं, लग्न होऊन गेलेल्या लेकीनं सणाला येताना माहेरी काही आणावं तसं. त्याला कोणी रूपांतर म्हटलं नाही. नाटकाचा सांगाडा, प्रवेश, संवाद जुनेच होते. फक्त वहीत दोन पानं चिकटवली.

तेव्हा पोराचं म्हणणं अगदीच अडाणीपणाचं नव्हतं. मामाजी मात्र गप्प बसले आणि पुन्हा खर्रा घोटू लागले.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ अस्सल मराठी, असं आपण धरून चालतो. नवराबायको एकमेकांवर संशय घेतात आणि घरभर हसू पिकतं. पात्रांची नावं तर थेट पंचांगातून उचललेली : फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती. पण या गोष्टीचं माहेर फ्रान्स. मोलिएरच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीनं इंग्रजी नाटक केलं, त्यावरून देवलांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिलं, आणि मग त्याचंच संगीत नाटक झालं, ते १९१६मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं आणलं. रूपांतराचं रूपांतर, त्यावर पुन्हा पदं. आज कोणी ‘संशयकल्लोळ’ जसंच्या तसं करतो तेव्हा ते पुनरुज्जीवन असतं, पण पुनरुज्जीवन कशाचं, तर एका रूपांतराचं. जावयाला घरजावई करून घेतलं आणि तिसऱ्या पिढीला तो परका होता हे आठवतही नाही, तशी गत.

आणि आमची झाडीपट्टी? धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात रात्र रात्र नाटकं चालतात. गडचिरोलीतल्या वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं हारीनं उभी आहेत. इथं ‘एकच प्याला’ लागतं तेव्हा संवाद गडकऱ्यांचेच असतात, पण दोन प्रवेशांच्या मध्ये लावणी येते, विनोदी पात्र गावच्या सरपंचाला चिमटा काढून जातं, आणि तीन तासांचं नाटक कोंबडा आरवेपर्यंत पुरतं. याला काय म्हणाल? वही जुनी, पण वहीबाहेरच बरंच घडलेलं. शहरातला समीक्षक नाक मुरडेल. मी मुरडत नाही. गडकरी गेले ते आपल्या सावनेरलाच, १९१९मध्ये, आणि ‘एकच प्याला’ची पदं लिहिली वि. सी. गुर्जरांनी. मूळ नाटकातच दोन हात लागले आहेत, तर आमच्या विनोदी नटाचा तिसरा हात लागल्यानं काय बिघडतं? मात्र नाटकाची नायिका सिंधू, तिच्या दुःखावर लावणी चढवली तर मला राग येतो, आणि तो मी कंपनीच्या मालकाला तोंडावर सांगितला आहे.

एका ठिकाणी हा फरक पैशाच्या आणि परवानगीच्या रूपात समोर येतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडं असतात. देवल, गडकरी केव्हाच मोकळे झाले. दारव्हेकर १९९९मध्ये गेले, म्हणजे कट्यारचा प्रयोग करायचा तर परवानगी हवी, आणि त्यात फेरफार करायचा तर तीही वेगळी मागावी लागेल. सिनेमाचं गाणं घ्यायचं तर तिसऱ्याच दाराची कडी वाजवायची. मंडईला उरले होते अठरा दिवस.

शिवाय खाँसाहेब कोण करणार, या प्रश्नावर पानठेल्यावर एकदम शांतता पसरली. भजनी मंडळातला आमचा सर्वांत चांगला गळा मामाजींचा, आणि ते वयानं बहात्तरचे. ते स्वतःच म्हणाले, “माह्या गळ्यात आता दीड पद उरलं हाये, बाप्पा.”

शेवटी ‘संशयकल्लोळ’ ठरलं. मामाजींना फाल्गुनराव दिला, गाणी कमी केली, आणि अश्विनशेठसाठी कीर्तनकारांच्या भाच्याला गाठला. मी जुनी छापील प्रत समोर ठेवून वहीत पहिला अंक उतरवायला बसलो. पोरगा शेजारी येऊन बसला आणि खिशातला मोबाइल चाचपत म्हणाला, “भाऊ, यावर सिनेमा हाये का?”

मी म्हटलं, “आधी वही पुरी होऊ दे, मग पाहा.” त्यानं माझ्याकडून पेन घेतला आणि दुसरा अंक उतरवायला लागला.