मे महिन्यातली लघवीची बाटली

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या घरात. बायांना शेतात आडोसा नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची. मग उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते. धण्याच्या पाण्यानं उतार पडला नाही की मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या.

जळजळ दरवेळी उन्हाचीच असते असं नाही. जंतुसंसर्ग असला तर चारांतल्या तिघींमध्ये तरी कारण असतं ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला रहिवासी. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, पुरुषाचा २०च्या आसपास. त्यामुळे बाईच्या शरीरात या जंतूची वाट सोपी. अंगावरच्या सूक्ष्म तंतूंनी तो मूत्राशयाला चिकटतो आणि लघवीच्या धारेलाही दाद देत नाही. क्लेबसिएला, एन्टेरोकोकस त्यामागून. प्रोटियस जरा खोडकर: युरियातून अमोनिया करतो आणि खडे धरायला मदत करतो.

कोणता जंतू, कोणतं औषध, हे कल्चर सांगतं, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये बशीत उगवून बघायची तपासणी. पण नमुना गावातून सेवाग्राम किंवा यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला एसटीनं जायचा असेल, तर बाटलीतच जंतूंची पैदास सुरू होते. अर्ध्या तासाला दुप्पट धरले तरी तीन तासांत एकाचे ६४. संसर्ग मानण्याची रूढ मर्यादा मिलिलिटरला १ लाख. कातडीवरून आलेले चार फालतू जंतूही उकाड्यात ती गाठू शकतात. म्हणून मधल्या धारेची लघवी, निर्जंतुक डबी, आणि दोन तासांत लॅब. नाहीतर बर्फात. आणि हे गोळी घेण्याआधी, कारण दोन गोळ्यांनंतर बशीत बरेचदा काही उगवतच नाही.

बशीवर जंतू पसरून औषधांच्या चकत्या ठेवतात. रात्रभरात चकतीभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ दिसतं, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. मोठं वर्तुळ म्हणजे जालीम औषध, असं मात्र नाही; प्रत्येक औषधाचं माप वेगळं. भारतात सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम यांना ई. कोलाय बऱ्याचदा जुमानत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन अजून बहुतेकदा चालतात. त्यातलं नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, मूत्रपिंडात पुरेसं नाही. प्रोटियसवर तर मुळातच निकामी.

पहिल्यांदाच झालेल्या साध्या त्रासात डॉक्टर कल्चरशिवायही औषध देतात, त्यात गैर काही नाही. गरोदर बाई, मधुमेही, पुरुष किंवा पुन्हापुन्हा होणारा त्रास असेल तर कल्चर हवंच. थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली पाठ दुखत असेल तर नमुना देऊन त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात.