संत्रं खालीच का येतं?

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात भादव्यात आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की बागाईतदाराचं लक्ष कशातच लागत नाही. देठ का सुटला याची उत्तरं त्याला मिळतात: बुरशी, मुळाशी साचलेलं पाणी, अन्नद्रव्यांची कमतरता, रात्री फळात सोंड खुपसणारे पतंग. त्यावर सल्ले आहेत, फवारण्या आहेत. पण देठ सुटल्यानंतरचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सुटलेलं फळ खालीच का येतं?

‘पृथ्वी ओढते’ हे उत्तर आपण लहानपणी पाठ करतो आणि पुन्हा कधी त्याच्याकडे वळून पाहत नाही. मला इथे दुसरं उत्तर मांडायचं आहे. ते माझं नाही. ते शंभर वर्षांहून जुनं आहे, प्रयोगांतून तावूनसुलाखून निघालेलं आहे, फक्त आपल्या गावच्या शाळेपर्यंत अजून पोचलेलं नाही. ते असं: संत्र्याला कोणीही ओढत नाही. जमिनीजवळ काळ किंचित हळू सरतो, उंचावर किंचित भरभर सरतो, आणि एवढ्या फरकापायी मोकळी सुटलेली प्रत्येक वस्तू खाली वळते.

ओढीबद्दल खुद्द न्यूटनच्याच मनात खळखळ होती. १६८७ मध्ये त्यानं सूत्र दिलं, त्यावरून ग्रह, चंद्र, भरती-ओहोटी सगळ्यांचा हिशेब लागला. पण मध्ये काहीही नसताना एका वस्तूनं दुसरीला इतक्या दुरून कसं ओढावं? ही कल्पना आपल्याला अगदी असंभव वाटते, असं त्यानं १६९३ मध्ये बेंटली नावाच्या विद्वानाला पत्रात कळवलं होतं. म्हणजे किती जोरानं, हे त्यानं सांगितलं; कशामुळे, हे सांगायचं त्यानं जाणूनबुजून टाळलं.

ती जागा भरायचे प्रयत्न झाले. जिनिव्हाच्या ल साज यानं अठराव्या शतकात सुचवलं की विश्वात सगळीकडून बारीक कण येऊन आदळत असतात, पृथ्वी खालच्या बाजूचे कण अडवते, म्हणून वरचे कण आपल्याला खाली ढकलतात. ऐकायला हे फार पटतं. आजही मोबाइलवर फिरणाऱ्या ‘गुरुत्वाकर्षणाचं खरं रहस्य’ छापाच्या अनेक व्हिडिओंत हीच कल्पना नवे कपडे घालून येते. पण कण आदळले तर उष्णता निर्माण होणार, आणि हिशेब केला तर पृथ्वी केव्हाच तापून वितळायला हवी होती. कुठलंही नवं स्पष्टीकरण ऐकलं की मी मुलांना एकच गोष्ट विचारायला सांगतो: यातून आकडा किती येतो, आणि तो मोजला की जुळतो का? काळाचं स्पष्टीकरण मला प्रिय आहे ते या कसोटीमुळे.

आता आकडे. एक मीटर उंचीच्या फरकानं काळाच्या चालीत जो फरक पडतो, तो वर्षभरात साठून होतो सुमारे ३.४ नॅनोसेकंद. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. वर्गात हे सांगितलं की एखादं पोरगं हमखास विचारतं, “सर, मंग चिखलदऱ्याचा माणूस लवकर म्हातारा होते काय?” होतो. चिखलदरा अमरावतीपेक्षा साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. ऐंशी वर्षं तिथं काढलेला माणूस अमरावतीतल्या माणसापेक्षा सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतका जास्त जगलेला असतो. घड्याळ बिघडल्यामुळे हा फरक पडत नाही. हृदयाचे ठोके, केसांची वाढ, दुधाचं विरजण, सगळं त्याच प्रमाणात पुढे गेलेलं असतं. तिथे काळच तेवढा जास्त सरलेला असतो.

हे नुसतं कागदावर नाही. १९६० साली पाउंड आणि रेब्का या दोघांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या एका इमारतीत २२.५ मीटर उंचीच्या फरकानं गॅमा किरणांच्या कंपनांत पडणारा बदल मोजला; कंपन म्हणजे इथे घड्याळाची टिकटिकच. २०१० मध्ये अमेरिकेत अणूंच्या कंपनांवर चालणाऱ्या दोन अणुघड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर उचललं, तरी फरक दिसला. २०२२ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या अणूंचा बारीकसा पुंजका घेऊन त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकातला फरक मोजला गेला. ती उंची होती एक मिलिमीटर. तिळाच्या दाण्याच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला काळ वेगळा चालतो, हे आता मोजलेलं सत्य आहे.

पण काळ हळू असला म्हणून वस्तू तिकडे का वळावी? खरी गोम इथे आहे, आणि मला वाटतं विदर्भातल्या शेतकऱ्याला ती इतरांपेक्षा लवकर कळेल. वावरात वखर चालू आहे, जुवाला दोन बैल आहेत. डावा बैल थकून हळू पडला आणि उजवा आपल्याच चालीनं चालत राहिला, तर वखर कुणीकडे वळेल? डावीकडे. कोणी डावीकडे ओढलं नाही, कासराही ताणला नाही. दोन्ही टोकांची चाल वेगळी, म्हणून सगळं जूच वळलं.

प्रकाश ही लाट आहे. लाटेची आघाडी रुंद असते, तिचं खालचं टोक जिथं काळ मंद आहे तिथून जातं आणि वरचं टोक जिथं काळ भरभर आहे तिथून. आघाडी खाली वळते. आणि संत्रं? १९२४ मध्ये लुई द ब्रॉय या फ्रेंच शास्त्रज्ञानं मांडलं की पदार्थाच्या कणांनाही लाटेसारखं कंपन असतं. संत्र्यातला प्रत्येक अणू सतत कंप पावतो आहे, खालच्या बाजूला थोडा मंद, वरच्या बाजूला थोडा जलद. म्हणून तोही वळतो. १९७५ मध्ये न्यूट्रॉनची, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणांची, एक शलाका दोन वाटांनी पाठवून, एक वाट दुसरीपेक्षा थोडी उंच ठेवून, हा कंपनांतला फरक प्रत्यक्ष पाहिला गेला.

इतक्या क्षुल्लक फरकानं संत्रं एवढ्या जोरात कसं आदळतं, ही शंका रास्त आहे. उत्तर असं की संत्रं जागेवर लटकलेलं दिसत असलं तरी काळातून ते धावतच असतं. काळ आणि अंतर एकाच मापात मोजायचे तर एक सेकंद म्हणजे तीन लाख किलोमीटर, कारण प्रकाश सेकंदात तेवढा जातो. तीन मीटर उंचीवरून सुटलेल्या संत्र्याला जमिनीवर यायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्यात त्यानं काळाच्या दिशेनं २ लाख ३५ हजार किलोमीटर कापलेले असतात. एवढ्या लांब वाटेला अगदी नाममात्र बाक आला, तरी शेवटी तीन मीटरचा फरक पडतोच. तो बाक किती नाममात्र, तर त्याच्यावरून पूर्ण वर्तुळ काढलं तर त्रिज्या जवळपास एक प्रकाशवर्ष, म्हणजे प्रकाश वर्षभरात जातो तेवढी, येईल.

यातून आणखी एक सुंदर गोष्ट निघते. मचाणावरून पाखरं हाकायला गोफणीतून भिरकावलेला दगड दूरवर सपाट जातो, वर फेकलेला खडा थोडक्यात उलटून खाली येतो. डोळ्यांना या दोन वाटा साफ वेगळ्या दिसतात. पण काळ धरून पाहिलं तर दोघांच्या वाटेचा बाक एकच, तोच प्रकाशवर्षभर त्रिज्येचा. वस्तू जड की हलकी, लोखंडाची की कापसाची, याचा प्रश्नच येत नाही, कारण बाक वस्तूत नाही, तिथल्या काळात आहे. सगळ्या वस्तू सारख्याच वेगानं का पडतात, हे न्यूटनच्या गणितात मानून घ्यावं लागतं. इथं ते आपोआप येतं.

आइन्स्टाइनला १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करताना सुचलं ते हेच होतं की पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही. जोर लागतो तो पडताना नव्हे, पडू न देताना. फळ फांदीला आहे तोवर देठ त्याला सतत वर धरून ठेवतो. बहारात लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात ते त्यासाठीच. देठ सुटला की संत्र्यावरचा एकुलता एक जोर संपतो. तिथून पुढे ते आपल्या स्वाभाविक वाटेनं जातं, आणि त्या वाटेचा नियम विलक्षण आहे: इथून तिथवर जाण्याच्या जवळपासच्या सगळ्या वाटांपैकी मोकळी वस्तू ती वाट धरते, जिच्यावर तिचं स्वतःचं घड्याळ सर्वांत जास्त पुढे जातं. वर फेकलेला खडा वर जातो, कारण तिथे काळ भरभर चालतो. फार वर जात नाही, कारण तेवढं जाऊन वेळेत परतायचं तर वेग वाढवावा लागतो आणि वेगानं घड्याळ मंदावतं. या देण्याघेण्याचा मेळ बसतो तीच ती ओळखीची कमान.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र काळ एकटा पुरत नाही. मला ही कहाणी सगळ्यांत जास्त आवडते. १९११ मध्ये आइन्स्टाइननं फक्त काळाचा फरक धरून हिशेब केला की सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश ०.८३ विकला इतका वळेल. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. हे तपासायचं तर सूर्याशेजारचे तारे दिसायला हवेत, म्हणजे खग्रास ग्रहण हवं. २१ ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणासाठी फ्रॉइंडलिश हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन क्रिमियात गेला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं, शत्रूदेशाचा माणूस म्हणून रशियनांनी त्याला ताब्यात घेतलं आणि निरीक्षण राहिलं. ते झालं असतं तर आइन्स्टाइनचा आकडा चुकीचा ठरला असता. कारण १९१५ मध्ये सापेक्षतेचा व्यापक सिद्धान्त पूर्ण झाल्यावर त्याला कळलं की सूर्याजवळ काळ मंदावतो तशी जागाही वाकते, आणि प्रकाशाला या दोन्हींचा वाटा सारखाच मिळतो. आकडा दुप्पट झाला, सुमारे पावणेदोन विकला. २९ मे १९१९ च्या ग्रहणात ब्राझीलमधल्या सोब्राल इथे १.९८ आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर १.६१ असे आकडे आले. जुन्या निम्म्या आकड्यापासून दोन्ही दूर, नव्याच्या जवळ.

संत्र्याला जागेच्या बाकाचा वाटा का मिळत नाही? ते हळू आहे म्हणून. जागेतून ते जेमतेम तीन मीटर जातं, काळातून लाखो किलोमीटर. जागेचा बाक त्याला जाणवणार कुठून? आपल्या गावातलं सगळं पडणं, विहिरीत सुटलेल्या बादलीपासून गारपिटीपर्यंत, बहुतांशी निव्वळ काळाचं काम आहे.

मोठं पडणं पाहायचं तर लोणारला जावं. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर अवकाशातून आलेल्या अशनीनं दख्खनच्या काळ्या पाषाणात पाडलेलं आहे. फार दूरच्या अवकाशाच्या तुलनेत पृथ्वीच्या पृष्ठभागावर काळ वर्षाला फक्त ०.०२२ सेकंदानं मागे पडतो. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण दुरून मोकळ्या आलेल्या धोंड्याला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग द्यायला एवढाच फरक पुरतो. या ०.०२२ वरून तो वेग गणितानं थेट काढता येतो, मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. अशनीचा स्वतःचा वेग असेल तो त्यावर आणखी.

हा फरक आज आपल्या वावरातही कामाला येतो. ई-पीक पाहणीसाठी शेतकरी धुऱ्यावर उभा राहून मोबाइलमधून पिकाचा फोटो काढतो, तेव्हा त्याची जागा ठरते उपग्रहांवरच्या घड्याळांनी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात, उरतात ३८. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. १९७७ च्या जूनमध्ये एनटीएस-२ हा चाचणी उपग्रह सोडला, तेव्हा घड्याळाची चाल दुरुस्त करणारी यंत्रणा त्यात बसवली होती खरी, पण सुरुवातीचे काही आठवडे ती मुद्दाम बंद ठेवली. घड्याळ किती पुढे पळतं ते आधी पाहू, असा विचार होता. आइन्स्टाइनच्या हिशेबानं एक अब्ज सेकंदांमागे ०.४४६५ सेकंदांचा फरक यायला हवा होता, आला ०.४४२५. मग यंत्रणा सुरू केली. आता जीपीएसची घड्याळं जमिनीवरच ठरवून मंद लावतात, वर गेली की ती बरोबर चालतात. जीपीएससारखंच काम करणाऱ्या आपल्या इस्रोच्या ‘नाविक’ उपग्रहांनाही हाच हिशेब लागतो. ते त्याहून उंच, सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत, म्हणून त्यांचा फरक मोठा. २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशात बनलेलं रुबिडियमचं अणुघड्याळही आहे.

पृथ्वीच्या वस्तुमानानं काळ मंद का व्हावा, याच्या मुळाशी मात्र अजून कोणी पोचलेलं नाही. किती वस्तुमानापाशी किती मंद होईल, हे आइन्स्टाइनची समीकरणं चोख सांगतात. त्यापुढचं काम सुरू आहे. दरम्यान घड्याळं इतकी बारकाईनं चालू लागली आहेत की हिशेब उलटा करता येतो: दोन ठिकाणच्या काळातला फरक मोजायचा आणि त्यावरून उंचीतला फरक काढायचा. २०२० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी वाहून नेता येतील अशी दोन घड्याळं बनवून एक टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याशी आणि एक ४५० मीटर वर ठेवलं. प्रयोगशाळेतली सर्वोत्तम घड्याळं आज एका सेंटिमीटरचा उंचसखलपणा काळावरून ओळखतात. ती पेटीत बंद करून गाडीत टाकता आली की नद्यांची खोरी, धरणांची पातळी आणि जमिनीखाली दडलेला जड खडक यांची मापं घड्याळानं घेता येतील.