उष्ण ढगात पाऊस अडतो कुठे?

पावसाला आधी बर्फ लागतो, असं १९३०च्या दशकात टोर बर्जेरॉन आणि वॉल्टर फिंडायझेन या हवामानशास्त्रज्ञांनी मांडलं. उंच, गार ढगांना ते लागूही पडतं. पण उष्ण कटिबंधात शून्य अंशाच्या पातळीपर्यंत न पोहोचलेले ढगही अर्ध्या तासात बरसून मोकळे होतात. तिथे बर्फाचा कणही नसतो.

मग थेंब वाढतो कसा? वाफ साचून, हे अर्धंच उत्तर. मेघबिंदू जितका मोठा, तितकी त्याची त्रिज्या सावकाश वाढते. मागचे पुढच्यांना गाठतात आणि सगळे जवळपास एकाच मापाचे होऊन बसतात. एकाच मापाचे म्हणजे एकाच वेगाने पडणारे; त्यांची टक्कर होणार कशी? साधारण १५ ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या टप्प्यात घोडं पेंड खातं. आणि एक मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबाला १० मायक्रॉनचे दहा लाख बिंदू लागतात!

यावर एक उत्तर मेघबीजनाचं, म्हणजे ढगात बाहेरून कण टाकून पाऊस पाडायचं. १९४६ साली व्हिन्सेंट शेफरनी त्यासाठी सुका बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) आणि बर्नार्ड व्होनेगटनी सिल्व्हर आयोडाइड वापरून दाखवलं. पण दोन्ही उपाय बर्फ घडवणारे, उष्ण ढगात कुचकामी. तिथे पाण्याचे फवारे आणि मिठाची भुकटी आली. मिठाचा जाडसर कण ओलावा ओढून सुरुवातीलाच मोठा थेंब होतो आणि वाटेतल्या लहानांना गिळत सुटतो. दक्षिण आफ्रिकेत ग्रॅमी मॅथर यांना तर एका कागद गिरणीच्या धुरावरच्या ढगांत थेंब मोठे होताना आढळले, आणि १९९०च्या दशकात त्यांनी क्षारांच्या नळकांड्या ढगांच्या तळाशी जाळून पाहिल्या. मात्र ते ढग वर बर्फापर्यंत चढणारे होते. तिथला अनुभव निव्वळ उष्ण ढगांना सरसकट चिकटवणं मला घाईचं वाटतं.

दुसरं उत्तर टर्ब्युलन्सचं, म्हणजे ढगातल्या हवेच्या खळबळीचं. १९५६ साली सॅफमन आणि टर्नर या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की हवेच्या भोवऱ्यांमुळे सारख्या मापाचे बिंदूही एकमेकांवर आदळू शकतात. पुढे मॅक्सी यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की जड कण भोवऱ्यातून बाहेर फेकले जाऊन कडेला दाटी करतात. संगणकावरच्या गणितांतही टक्करी वाढलेल्या दिसतात. किती, ते भोवऱ्यांच्या जोरावर ठरतं.

मेघबीजनाची खरी पंचाईत इथेच आहे. मीठ आणि भोवरे दोघेही तोच अडलेला टप्पा ओलांडायला मदत करतात. मीठ टाकलेला ढग बरसला, तर तो न टाकताही बरसला असता का, हे त्या एका ढगाकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही ढगांवर बीजन आणि काही तसेच सोडायचे, अशा प्रयोगांशिवाय गत्यंतर नाही.